श्प्रिंगर्ले घरी करताना: नक्षी टिकते कशी, पाय फुटतो कसा

जर्मनीच्या नैऋत्येला, श्वाबेन आणि बाडेनकडे, नाताळच्या डब्यात एक पांढरं, जाडसर बिस्किट असतं. वर उठावाची नक्षी: घोडेस्वार, फुलांची परडी, कोंबडा, बाळ येशू, हृदय. बाजूने धरून बघितलं तर त्याला दोन मजले दिसतात. वरचा गुळगुळीत, पांढरा, कडक. खालचा जाळीदार, खडबडीत, फिकट बदामी. खालच्या मजल्याला तिकडे पाय म्हणतात आणि बिस्किट जमलं की बिघडलं हे त्या पायावरूनच ठरतं. तळाला ॲनिसचे, म्हणजे बडीशेपेसारख्या वासाच्या एका मसाल्याचे, दाणे चिकटलेले असतात आणि सगळा वास त्यांचा. हे श्प्रिंगर्ले.

या मुलखातलं मोठं शहर स्टुटगार्ट. १९६८पासून ते मुंबईचं भगिनी-शहर आहे, पण त्या नात्यातून हे बिस्किट काही इकडे आलेलं दिसत नाही. नानकटाई करणाऱ्या हाताला ते अवघड नाही. मात्र नानकटाईच्या सवयीने करायला गेलात तर फसेल. नानकटाई तुपावर उभी असते. श्प्रिंगर्लेत तूप, लोणी, तेल काहीच नसतं. स्निग्ध म्हणून जे काही असेल ते अंड्याच्या बलकातलं. तुपाचं पीठ भट्टीत सैलावतं आणि पसरतं. पीठ पसरलं की नक्षी गेली.

साहित्य अगदी मोजकं: अंडी, पिठीसाखर, मैदा, ॲनिस आणि पीठ फुगवायला चिमूटभर बेकरीचा अमोनिया. तरीही पाककृती जशीच्या तशी पाळून बिस्किटं एका बाजूला कलतात, वरून तडकतात, नाहीतर पाय न फुटता सपाट राहतात. कारण पाककृतीत प्रमाण लिहिलेलं असतं. भट्टीत जाण्याच्या घडीला बिस्किटात ओल कुठे आहे, हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. ती गोष्ट नीट समजली तर बाकीच्या पायऱ्या आपोआप उलगडतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

वर कोरडं, खाली ओलं

ठसा उमटवून कापलेली बिस्किटं लगेच भाजत नाहीत. ट्रेवर उघडी ठेवून चोवीस तास सुकवतात. तेवढ्या वेळात वरच्या पृष्ठभागावरचं पाणी उडून जातं आणि तिथल्या साखरेचा कडक थर बनतो, तापवलेल्या दुधावर साय धरते तसा. तळ मात्र ट्रेला टेकलेला असतो, त्याला वारा लागत नाही, म्हणून तो ओलसरच राहतो.

असं बिस्किट भट्टीत गेलं की आत वाफ आणि वायू तयार होतात. त्यांना बाहेर पडायला जागा हवी. वरचा थर ताणला जात नाही, कारण तो सुकून आखडलेला आहे. बाजूच्या कापलेल्या कडाही सुकलेल्या असतात. मऊ असतो तो फक्त तळ. मग वायू तिकडेच जोर करतात, ओलं पीठ तळाकडून फुगतं आणि वरचा नक्षीचा ठोकळा अख्खाच्या अख्खा वर उचलला जातो. फुगलेला भाग म्हणजेच पाय. फ्रेंच मॅकरून करणाऱ्यांना ही गंमत ओळखीची असेल, तिथेही भाजण्याआधी साल धरू देतात ते याचसाठी.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, वरचं कोरडेपण सगळीकडे सारखं हवं. पंख्याचा झोत एका बाजूने आला तर ती बाजू जास्त आखडते, पाय दुसऱ्या बाजूला फुटतो आणि बिस्किट पिसाच्या मनोऱ्यासारखं तिरकं होतं. दोन, सुकवणं अती झालं आणि तळही वाळला तर फुगायला काही उरतच नाही.

साहित्य आणि त्यामागचं गणित

मूळ प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे. चार अंडी, ५०० ग्रॅम पिठीसाखर, ५०० ग्रॅम मैदा. एवढ्यात साधारण पाच सेंटिमीटर चौरस आकाराची ३५ ते ४० बिस्किटं होतात. पहिल्यांदा करताना निम्मं प्रमाण घ्या, एक ट्रे होईल एवढंच.

अंडी मोजून नको, वजन करून घ्या. जर्मन पाककृतीतलं ‘एम’ मापाचं अंडं कवचासकट ५३ ते ६३ ग्रॅमचं असतं. आपल्याकडची अंडी बऱ्याचदा त्याहून लहान निघतात. कवच काढून २०० ग्रॅम भरलं पाहिजे. वीस ग्रॅम इकडे-तिकडे झाले तरी पीठ भुरभुरीत तरी होतं नाहीतर हाताला चिकटतं.

आता साखर. दोनशे ग्रॅम अंड्यात पाणी असतं सुमारे १५० ग्रॅम. साखर आपल्या वजनाच्या निम्म्या पाण्यात विरघळते, म्हणजे १५० ग्रॅम पाण्यात फार तर ३०० ग्रॅम. आपण घालतोय ५००. शिवाय मैदाही त्याच पाण्यावर हक्क सांगणार. म्हणजे बरीचशी साखर कणांच्याच रूपात राहणार हे ठरलेलं. हे कण डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक असतील तर पृष्ठभाग रेशमी दिसतो. साधी दाणेदार साखर घेतली, किंवा घरी मिक्सरवर घाईत दळली, तर वर बारीक ठिपके आणि खड्डे उमटतात आणि नक्षीतल्या घोड्याला देवी आल्यासारख्या दिसतात. विकतची आयसिंग शुगर चांगली. त्यातला थोडासा मक्याचा स्टार्च इथे उपयोगीच पडतो. घरी दळलेली असेल तर बारीक चाळणीतून दोनदा चाळा.

मैदा साधा. जर्मनीत ४०५ क्रमांकाचं पांढरं गव्हाचं पीठ वापरतात, आपला मैदा त्याच्या जवळ जातो. लाटताना लागेल म्हणून ५० ग्रॅम वेगळा काढून ठेवा.

अमोनिया म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट. आपल्याकडे बेकरीचं सामान विकणाऱ्यांकडे तो याच नावाने मिळतो, खारी-बिस्किटवाल्यांचा रोजचा जिन्नस. जर्मनीत नाताळच्या सुमारास किराणा दुकानात त्याच्या पुड्या असतात. पूर्वी तो हरणाची शिंगं जाळून काढत, तिकडचं नाव अजून त्यावरूनच चालत आलंय. या बिस्किटाला तोच का लागतो? तापल्यावर त्याचं पूर्णपणे वायूत रूपांतर होतं: अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ. मागे क्षार उरत नाही, रंग गडद होत नाही. खाण्याचा सोडा घातला तर बिस्किट पिवळं-तपकिरी पडतं आणि साबणासारखी चव येते. बेकिंग पावडर निभावून नेते, पण ती पीठ ओलं झाल्याबरोबर काम सुरू करते आणि सुकण्याच्या चोवीस तासांत तिचा जोर ओसरतो. अमोनिया उष्णतेची वाट बघतो. साठ अंशांच्या आसपास तो झपाट्याने फुटतो, नेमका हवा तेव्हा.

प्रमाण: ५०० ग्रॅम मैद्याला १ ग्रॅम, म्हणजे सुरीच्या टोकावर मावेल तेवढा. जास्त घातल्याने पाय उंच होत नाही, वरची नक्षी फाटते. तो चमचाभर गार पाण्यात किंवा गार दुधात विरघळवा. बाडेनकडे हे काम चेरीच्या दारूत करतात, किर्शमध्ये. असेल तर घाला, नसली तर काही बिघडत नाही. लिंबाच्या रसात मात्र विरघळवू नका. आंबटपणाशी गाठ पडताच तो तिथेच फसफसून संपतो. लिंबाचा वास हवा असेल तर किसलेली साल घाला. डबा नीट बंद नसेल तर अमोनिया हळूहळू उडून जातो, म्हणून जुना साठा वापरण्याआधी हुंगून बघा, पण बेताने. नाक झणझणलं तर तो जिवंत आहे.

ॲनिस, बडीशेप आणि चक्रीफूल

ॲनिस ही आपली बडीशेप नव्हे. दाणा लहान, फुगीर, करडा-हिरवा, किंचित लवदार आणि बहुतेक वेळा त्याला देठाचा बारीक तुकडा चिकटलेला. आपली बडीशेप लांबट आणि हिरवी. झाडं वेगळी, पण दोघांच्या वासाचा मुख्य धनी एकच: ॲनेथोल नावाचं तेल. ॲनिसच्या तेलात ते जवळजवळ सगळंच असतं. बडीशेपेत त्याच्या जोडीला फेंकोन असतं, आणि त्याला कापरासारखी, जराशी कडवट छटा आहे. चक्रीफुलातही ॲनेथोलच असतं. ते तिसरंच झाड.

ॲनिस मिळालं नाही तर बारीक दाण्याची लखनवी बडीशेप घ्या, कढईत मंद आचेवर दोन मिनिटं परता, म्हणजे तिचा कच्चा वास उतरतो. हे बिस्किट चविष्ट होईल, पण श्वाबेनची आजी ते ओळखणार नाही. बडीशेपेच्या जोडीला चक्रीफुलाची अगदी पाव चमचा पूड पिठात घातली तर चव मूळ ॲनिसच्या बरीच जवळ येते. अर्धा चमचा घातली की औषध लागतं.

दाणे पिठात घालायचे नाहीत. नक्षीच्या मधोमध दाणा आला की घोडेस्वाराचं डोकं उडतं. जुनी पद्धत अशी की ट्रेला लोण्याचा पुसट हात फिरवून त्यावर दोन-तीन चमचे अख्खे दाणे पसरायचे आणि बिस्किटं त्यावर ठेवायची. दाणे तळाच्या ओलसर पिठात रुततात, बिस्किट ट्रेपासून केसभर उचललेलं राहतं आणि सुकण्याच्या वेळी वास खालून वर मुरतो. बेकिंग पेपर वापरला तर लोणी लागत नाही. पिठातही वास हवा असेल तर एक चमचा दाणे खलबत्त्यात ताजे कुटून, चाळून, फक्त पूड घाला.

पीठ

अंडी फ्रीजबाहेर काढून तासभर ठेवा. गार अंड्यांना फेस कमी येतो. आधी नुसती अंडी पाच मिनिटं फेटा, मग पिठीसाखर एकेक चमचा घालत जा. सगळी साखर एकदम ओतली तर ती खाली बसते आणि मिश्रण पाकासारखं पातळच राहतं. स्टँड मिक्सरवर एकूण १५ मिनिटं, हातातल्या बीटरवर २० ते २५. हाताने फेटायच्या जमान्यात या कामाला तासभर लावत, आणि मुलांना आळीपाळीने बसवत. कधी थांबायचं? मिश्रण जवळजवळ पांढरं झालेलं असतं आणि बीटर उचलला की खाली पडणारी धार मिश्रणावर रेघेसारखी उभी राहून तीन-चार सेकंदांनी विरते. फेटण्यात केलेली कंजुषी पुढे कशानेच भरून निघत नाही, कारण पायातली जाळी याच हवेच्या बुडबुड्यांभोवती तयार होते. अमोनिया बुडबुडे मोठे करतो, नवे निर्माण करत नाही.

आता विरघळवलेला अमोनिया आणि लिंबाची साल घाला, अर्धा मिनिट फिरवा आणि बीटर बाजूला ठेवा. मैदा तीन वेळा चाळून घाला आणि उलथण्याने एकत्र करा. शेवटचा भाग हाताने हलकेच मिळून आणा. कणकेसारखं तिंबायचं नाही. तिंबलं की मैद्याला चिवटपणा येतो, ठसा उमटवल्यावर पीठ मागे आखडतं आणि चौकोनी बिस्किटाचं दुसऱ्या दिवशी बदामाचं पान होतं.

या वेळी पीठ मऊ आणि थोडं चिकट लागेल. घाबरून मैदा ओतू नका. घट्ट झाकून तासभर फ्रीजमध्ये ठेवा. मैदा पाणी शोषतो आणि पीठ स्वतःच आवळून येतं. त्यानंतर अंगठा दाबून बघा: खळगा स्वच्छ उमटला आणि अंगठा कोरडा निघाला तर पीठ तयार. तरीही चिकटत असेल तरच एकेक चमचा मैदा. वरची बाजू उघडी राहिली तर फ्रीजमध्येच साल धरते आणि लाटताना त्या सालीच्या सुरकुत्या पडतात, म्हणून झाकण पिठाला अगदी लागून हवं.

साचा आणि ठसा

जुने साचे पेअरच्या झाडाच्या लाकडाचे. हे लाकूड घट्ट, एकसारखं आणि बारीक रेषांचं, त्यामुळे त्यात भुवई किंवा लगाम कोरता येतो. ज्ञात असलेल्यांत सर्वांत जुना मानला जाणारा साचा १४व्या शतकातला, गोल, त्यावर ईस्टरचं कोकरू. तो झ्युरिकच्या स्विस राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आधी धार्मिक प्रसंग कोरले जात, पुढे घराण्यांची चिन्हं, जोडपी, बग्ग्या, फुलं आली. आज जुन्या साच्यांवरून ओतलेले रेझिनचे साचे मिळतात. ते स्वस्त आहेत आणि काम चोख करतात.

आपल्याकडचे पेढ्याचे लाकडी छापे इथे चालतात, नक्षी दोन-तीन मिलिमीटर खोल असली की झालं. गुढीपाडव्याच्या साखरगाठींचे साचे मात्र जमत नाहीत. ते पातळ पाक ओतण्यासाठी केलेले, खोल आणि उभ्या कडांचे; पीठ त्यातून सुटत नाही.

साच्याला तेल लावू नका. तेल आणि मैदा मिळून लुकण बनतं आणि तेच कोरीव रेषांत बसतं. मलमलच्या फडक्यात मक्याचा स्टार्च बांधून पुरचुंडी करा आणि ती साच्यावर हलकेच आपटा. उरलेला स्टार्च साचा उलटा करून झटका. पहिला ठसा साफसफाईचा समजा, तो पुन्हा पिठात टाका.

पीठ एक सेंटिमीटर जाड लाटा. पोळीच्या सवयीने हात पातळ लाटायला जातो, म्हणून दोन्ही बाजूंना एक सेंटिमीटर जाडीच्या पट्ट्या ठेवून त्यांवरून लाटणं फिरवणं सोयीचं. एका कडेला आठ आणि दुसऱ्या कडेला अकरा मिलिमीटर अशी जाडी पडली तर ते बिस्किट हमखास कलणार. लाटलेल्या पिठावर स्टार्चचा पुसट हात फिरवा. साचा सरळ खाली, तळहाताच्या जोराने, चारही कोपऱ्यांवर सारखा दाबा आणि सरळ वर उचला. डोलवायचा नाही. आधी ठसा, मग कापणं. उलट केलंत तर दाबाने कडा बाहेर पसरतात.

कापायला करंजीचं कातणं उत्तम. नक्षीभोवती दोन मिलिमीटर कड ठेवा. सुरी वापरत असाल तर ती धारदार हवी आणि खाली दाबून कापायला हवं. ओढत कापलं की पिठाची कड चेपून बंद होते आणि त्या बाजूने पाय फुटत नाही. राहिलेले तुकडे ओल्या फडक्याखाली ठेवा, दोनदापर्यंत पुन्हा लाटता येतात. त्यापुढे त्यांत मैदा इतका शिरतो की ठशावर भेगा दिसू लागतात.

लाकडी साचा पाण्यात बुडवू नका, तो वाकतो. कोरडा ब्रश फिरवा. रेषेत अडकलेलं पीठ वाळल्यावर दातकोरणीने निघतं.

सुकवणं

जर्मनीतल्या हिवाळ्यात घरं तापवलेली असतात आणि आतली हवा चांगलीच कोरडी. चोवीस तासांचा हिशेब त्या हवेसाठी आहे. पुणे, नाशिक, नागपूर इथल्या डिसेंबर-जानेवारीत तो जवळपास तसाच लागू पडतो. मुंबई, कोकण, गोव्यात, आणि पावसाळ्यात तर सगळीकडेच, साखर हवेतली ओल ओढून घेते आणि दोन दिवसांनीही वर बोट चिकटतं. अशा वेळी ट्रे रात्रभर एसीच्या खोलीत ठेवा. एसी हवा गार करताना कोरडीही करतो. झोत थेट ट्रेवर येऊ देऊ नका. पंखा बंद. उन्हात किंवा कोमट ओव्हनमध्ये सुकवायचा मोह टाळा, पृष्ठभाग झटकन आखडून भेगाळतो. एसी नसलेल्या तीस अंशांच्या खोलीत कच्च्या अंड्याचं पीठ दिवसभर उघडं ठेवणं तसंही बरं नाही. हे पीठ कच्चं चाखू नका आणि मुलांनाही देऊ नका.

मुंग्यांचाही बंदोबस्त करावा लागतो. पसरट ताटात पाणी, त्यात उपडी वाटी, वाटीवर ट्रे.

सुकलं की नाही हे असं बघा. वरची चकाकी जाऊन पृष्ठभाग खडूसारखा निस्तेज दिसतो आणि बोट फिरवलं तर कागदासारखं लागतं. मग एक बिस्किट उचलून उलटं करा. तळाशी कडेने फिकट, कोरडी किनार दिसेल आणि मधे गडद, ओलसर चकती. किनार अर्धा सेंटिमीटरच्या आत असेल तर उत्तम. चकती आक्रसून रुपयाएवढी झाली असेल तर तळ वाळत चाललाय. त्यावर उपाय आहे: फडकं ओलं करून घट्ट पिळा, ताटात पसरा, बिस्किट त्यावर दोन-तीन सेकंद टेकवा आणि पुन्हा दाण्यांवर ठेवा. ओल फक्त तळाला लागली पाहिजे. नक्षीवर राहिलेला स्टार्च आताच मऊ ब्रशने झटका. भाजल्यावर तो निघत नाही.

भाजणं

एकदम सगळा ट्रे भट्टीत घालू नका. आधी दोन बिस्किटं भाजून बघा. घरगुती ओटीजीची तापमानाची कळ वीस अंशांनी खोटं बोलते आणि हे बिस्किट तेवढंसुद्धा सहन करत नाही.

ओव्हन १५० अंशांवर पूर्ण तापू द्या. ट्रे सगळ्यात खालच्या खणात. उष्णता खालून हवी आहे. वरून आली तर पांढरेपण जातं. ओटीजीत फक्त खालचा रॉड चालू ठेवता येत असेल तर तसं करा, नाहीतर वरच्या खणात रिकामा ट्रे सरकवून आडोसा करा. कन्व्हेक्शनचा पंखा बंद. वेळ १८ ते २५ मिनिटं, आकाराप्रमाणे. सातव्या-आठव्या मिनिटाला पाय फुटताना काचेतून दिसतो. त्या वेळी दार उघडू नका. पाय उभा राहून स्थिरावला की दार क्षणभर उघडून वाफ जाऊ द्या. अमोनियाची झणक येईल, तोंड बाजूला ठेवा आणि खिडकी उघडा. जाड केकमध्ये अमोनिया वापरत नाहीत तो याचमुळे, तिथे हा वास आतच कोंडून राहतो. पातळ, कोरड्या बिस्किटातून तो पूर्ण निघून जातो.

वरचा भाग पांढरा, पाय फिकट सोनेरी झाला की बाहेर. नक्षीच्या कडांवर जरा जरी बदामी छटा आली तरी उशीर झालाय.

दोन चाचणी-बिस्किटं काय सांगतात? पाय फुटला पण वर भेगा पडल्या, तर आच जास्त आहे किंवा साल पुरेशी धरलेली नाही. आधी तापमान १४० करा. तरी फाटलं तर उरलेली आणखी सहा तास सुकवा. दोन्ही एकाच दिशेला कलली, तर ओव्हनची एक बाजू जास्त तापते, ट्रे फिरवून लावा. वेगवेगळ्या दिशांना कलली, तर दोष लाटण्यात, कापण्यात किंवा झोताने सुकण्यात आहे आणि तो आता सुटणार नाही. पायच नाही, तर तळाला ओल द्या. ओल देऊनही काही हललं नाही तर अमोनिया मेलेला आहे. नक्षी वितळल्यासारखी पुसट झाली, तर पीठ सैल होतं. पुढच्या खेपेला अंड्यांचं वजन तपासा.

मुरवणं

ताजं श्प्रिंगर्ले वरून कडक आणि आत मऊसर असतं. दोन दिवसांत ते दगड होतं. पुष्कळ लोक इथेच हात टेकतात आणि बिस्किटं झाडाला टांगायच्या कामी लावतात. खरं तर ते दोन-तीन आठवडे मुरायला हवं. पत्र्याच्या डब्यात थर लावून ठेवा, वर वाटीत सफरचंदाची एक फोड, झाकण थोडं सैल. बिस्किट तिची ओल हळूहळू ओढतं आणि आतून पुन्हा मऊ होतं. ॲनिसचा वासही या दिवसांत सगळीकडे पसरतो. फोड दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर बुरशी धरते आणि डबाच फेकावा लागतो. म्हणूनच तिकडे ही बिस्किटं नोव्हेंबरअखेर किंवा सहा डिसेंबरच्या सेंट निकोलसच्या दिवसापर्यंत करून मोकळे होतात. आपल्या किनारपट्टीवर फोडीची गरजच नाही. डबा रात्रभर उघडा ठेवला की काम होतं. त्यानंतर मात्र घट्ट बंद करा, नाहीतर चार दिवसांत बिस्किट चिवट होतं.

साचा नसेल तर

हेच पीठ घेऊन स्वित्झर्लंडमधल्या आरगाऊ परगण्यातल्या बाडेन गावची खास बिस्किटं करता येतात, नाव क्रेबेली. मैदा मात्र ६०० ग्रॅम घ्या आणि दीड चमचा ॲनिस पिठातच घाला, कारण इथे नक्षी बिघडायची भीती नाही. बोटाएवढ्या जाडीच्या वळ्या करा, सहा सेंटिमीटरचे तुकडे पाडा, प्रत्येकाला एका बाजूने तीन तिरके छेद द्या आणि छेद बाहेर येतील असा चंद्रकोरीसारखा वाक द्या. चोवीस तास सुकवणं, खालचा खण, १४० ते १५० अंश, सगळं तेच. छेद दिलेल्या फटींतून पाय डोकावतो.

त्याहून सोपा प्रकार जर्मनीत घरोघरी होतो. तीन अंडी, २५० ग्रॅम पिठीसाखर, २५० ग्रॅम मैदा, दोन छोटे चमचे ॲनिसची पूड. अमोनिया नाही. अंडी-साखर तशीच भरपूर फेटा, मैदा हलक्या हाताने मिसळा आणि पायपिंग बॅगेने रुपयाएवढे थेंब बेकिंग पेपरवर सोडा. मधे दोन बोटं अंतर ठेवा, थेंब थोडे पसरतात. रात्रभर सुकवून १५० अंशांवर १२ ते १५ मिनिटं भाजा. वर पांढरी घुमटी, खाली पाय. सुकवण्याच्या युक्तीची परीक्षा घ्यायची असेल तर आधी हेच करून बघा: साचा लागत नाही, लाटावं लागत नाही, आणि बिघडली तरी चहात बुडवून संपतात.